अहमदाबादला गिरणी आणि गटारं देणारे रणछोडलाल छोटालाल

अहमदाबाद म्हणजे भारताचं मँचेस्टर, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण तिथली पहिली कापड गिरणी कुणा पिढीजात शेठने नाही, तर नोकरी गमावलेल्या एका सरकारी कारकुनाने काढली होती.

रणछोडलाल छोटालाल यांचा जन्म १८२३ चा. जात नागर ब्राह्मण, घरात व्यापार नव्हता. सरकारी नोकरीत बरेच वर चढले, पण लाचेचा आरोप आला आणि १८५० च्या दशकात नोकरी गेली. गिरणीची कल्पना डोक्यात आधीपासूनच होती. शहरात पैसेवाले सराफ होते, पण यंत्रात पैसा घालायला सुरुवातीला कुणी तयार होईना.

अखेर १ लाख रुपयांच्या भांडवलावर कंपनी उभी राहिली. इंग्लंडहून यंत्रं मागवायला दादाभाई नौरोजींनी मदत केली. तर पहिली खेप समुद्रातच गेली! पुन्हा मागवली. अहमदाबादेत तेव्हा रेल्वे पोचली नव्हती, म्हणून खंभात बंदरातून ती बैलगाड्यांवर आणली. ३० मे १८६१ रोजी २५०० चात्यांची गिरणी सुरू झाली.

पण त्यांची खरी कसोटी लागली ती नगरपालिकेत. १८८५ मध्ये ते तिचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. तेव्हा शहराची वस्ती दीड लाखाच्या आत होती, तरी कोटाच्या आत घरं एकमेकांना चिकटलेली. पोळांमध्ये सांडपाणी मुरायला खाळकुवे आणि जवळच प्यायच्या पाण्याच्या विहिरी. रोगराई का हटत नाही, याचं उत्तर तिथेच होतं.

रणछोडलालांनी नळ आणि भुयारी गटारांची योजना मांडली आणि शहर खवळलं. कर वाढणार, नळाच्या पाण्याने धर्म बुडणार, घरात पावसाच्या पाण्याचं टाकं असताना नळ हवा कशाला? करांची तक्रार तशी रास्तच होती, गरिबाला ती बोचणारच. पण ते मागे हटले नाहीत. १८९१ मध्ये दूधेश्वरला साबरमतीच्या पात्रातल्या विहिरींमधून उपसलेलं पाणी नळांनी शहरात आलं. गटारांचं काम मात्र रडतखडत, एकेक भाग करत पुढे सरकलं.

त्याच १८९१ मध्ये अहमदाबादच्या गिरणीमालकांची संघटना स्थापन झाली, तिचेही अध्यक्ष रणछोडलालच. गिरणी कामगारांचे तास कायद्याने कमी करायला मात्र त्यांचा विरोध होता. शहराच्या आरोग्यासाठी भांडणारा माणूस इथे पक्का मालकच राहिला.

ऑक्टोबर १८९८ मध्ये ते वारले. तोवर शहरात गिरण्यांच्या चिमण्यांची रांग लागली होती आणि गटारांची खोदाई चालूच होती.