माचिको हासेगावा : चार चौकटींची चित्रकर्ती

वाचकहो, लेक वहीच्या कडेला चित्रे काढू लागली की आपण रागावतो. जपानच्या माचिको हासेगावा यांची हकिकत अवश्य वाचा. १९२० साली सागा प्रांतात जन्म. लहान वयातच पितृछत्र हरपले. आई मुलींना घेऊन टोकियोस आली. तेथे माचिको प्रसिद्ध व्यंगचित्रकार सुइहो तागावा यांची शिष्या झाली.

महायुद्धाने होरपळलेल्या देशात, १९४६ साली, फुकुओकाच्या सायंदैनिकात तिची 'साझाए-सान' ही चार चौकटींची चित्रमालिका सुरू झाली. टंचाईच्या दिवसांत धांदरट पण खंबीर साझाएने घरोघरी हसू आणले. थोरल्या बहिणीसह माचिकोबाईंनी स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. मालिका १९७४ पर्यंत चालली. १९९२ साली त्या निवर्तल्या. त्याच वर्षी जपान सरकारने मरणोत्तर राष्ट्रीय सन्मान दिला.

त्या विधवा मातेने लेकीची पेन्सिल हिसकावली नाही. आपणही हिसकावू नये.