देवघरात देव आणणारा चित्रकार : राजा रविवर्मा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा मंडळाचा आग्रह झाला. मी डिप्लोमा झालेला रेल्वेचा अभियंता. रुळ, स्लीपर आणि गेज हाच माझा रोजचा विषय. पण गेली काही वर्षे एक छंद जडला आहे, तो म्हणजे देवादिकांची जुनी छापील चित्रे जमविणे. इथे जयपुरात चांदपोल आणि त्रिपोलिया बाजाराच्या आतल्या गल्ल्यांत जुन्या सामानाच्या दुकानांतून अशी चित्रे अधूनमधून हाती लागतात. त्यांच्यामागे जो महान कलावंत उभा आहे, त्याचे चरित्र थोडक्यात सांगण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

राजा रविवर्मा यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. लहानपणीच भिंतींवर चित्रे काढणाऱ्या या मुलाचे गुण त्याच्या मामांनी ओळखले आणि पहिले धडे दिले. चौदाव्या वर्षी त्यांना त्रिवेंद्रमच्या राजवाड्यात नेण्यात आले. तैलरंगांचे तंत्र मात्र त्यांना कोणी हात धरून शिकविले नाही. १८६८ साली थिओडोर जेन्सन हा परदेशी चित्रकार दरबारात आला. त्याचे काम दुरून पाहून आणि स्वतः प्रयोग करून रविवर्मांनी ही विद्या हस्तगत केली. १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला पारितोषिक मिळाले. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातही त्यांना पदके मिळाली.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे त्यांचा मराठी मुलखाशी जुळलेला ऋणानुबंध. १८८१ मध्ये ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यास आले. पुढे महाराजांनी त्यांच्याकडून पुराणांतील प्रसंगांवर चौदा चित्रे करवून घेतली. त्यासाठी रविवर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू राजा राजवर्मा यांनी उत्तर हिंदुस्थानचा प्रवास करून पोशाख, दागिने, चेहरे न्याहाळले. त्यांच्या अनेक देवी आणि नायिका आपल्या आजीसारखे नऊवारी नेसलेल्या दिसतात! ही चित्रे लोकांपुढे मांडली तेव्हा पाहणाऱ्यांची झुंबड उडाली.

पण राजवाड्यातले चित्र सामान्य माणसाच्या घरी कसे जाणार? चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, ही सूचना सर टी. माधवराव यांनी पूर्वीच केली होती. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या संस्थानांचे दिवाणपद भूषविलेले हे गृहस्थ दक्षिणेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले. पुण्यात १८७८ पासून चित्रशाळा प्रेस देवादिकांची चित्रे छापत होताच. रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात स्वतःचा छापखाना काढला. यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीतून आणले.

हे काम किती किचकट होते ते सांगतो. त्या काळी शिळेवरून छपाई होई. एकेका रंगाला वेगळी शिळा. एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवायचे आणि प्रत्येक वेळी कागद नेमका त्याच जागी बसला पाहिजे. किंचित सरकला, तर लक्ष्मीचा ओठ गालावर जायचा! आमच्याकडे गेज जसे मोजूनमापून सांभाळावे लागते, तसाच हा प्रकार.

दुर्दैवाने १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. धंद्याची घडी विस्कटली, कर्ज वाढले. अखेर छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलविण्यात आला. पुणे-लोणावळा लोकलने जाताना लागते तेच हे कार्ल्याच्या लेण्यांजवळचे स्थानक. पण तिथेही गणित जमले नाही आणि विसाव्या शतकाच्या आरंभी रविवर्मांनी तो छापखाना फ्रिट्झ श्लाइशर या आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकला. चित्रे घराघरांत पोहोचली, पण ती पोहोचविणारा तोट्यात गेला. १९०१ मध्ये त्यांनी उदयपूरला जाऊन महाराणा प्रतापांचे चित्र केले. १९०५ मध्ये सावलीसारखा सोबत असणारा भाऊ गेला. २ ऑक्टोबर १९०६ रोजी रविवर्माही निवर्तले. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके यांनीही पुढे याच छापखान्यात काम केले. १९७२ मध्ये त्याला आग लागली आणि बरेच काही भस्मसात झाले.

रविवर्मांची चित्रे पाश्चात्त्य वळणाची, कॅलेंडरी थाटाची, अशी टीका पुढे पुष्कळ झाली. तिच्यात तथ्य असेलही. पण ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्या झोपडीतही लक्ष्मी-सरस्वती आली ती या कागदातून. मुंबईत पेढी असलेल्या मारवाडी व्यापाऱ्यांबरोबर ती रेल्वेने राजस्थानातही आली असावी, असा माझा अंदाज आहे. माझ्याकडच्या एका लक्ष्मीच्या पदराला कोणा अनाम गृहिणीने खरी जर आणि टिकल्या चिकटविल्या आहेत. तो पदर पाहिला की टीका आठवत नाही.

आता एक कळकळीची विनंती. सणासुदीला घर आवरताना आपण फुटक्या काचेची, डाग पडलेली जुनी तसबीर पिंपळाखाली ठेवून येतो किंवा पाण्यात सोडतो. भावना शुद्ध असते. पण तसे करण्यापूर्वी चित्राची खालची कड पाहा. तिथे रविवर्मा प्रेसचे नाव आणि सोबत मुंबई किंवा कार्ला-लोणावळा असे असेल, तर थांबा. कड कापलेली असेल तर भिंग लावा. हल्लीच्या छपाईत ठिपके ओळीने, एकसारखे दिसतात. शिळेवरच्या छपाईत ते हाताने घातल्यासारखे कमी-जास्त असतात. असे चित्र ओल्या भिंतीवर किंवा उन्हात टांगू नये. मागचा लाकडी पत्रा बदलून आम्लविरहित पुठ्ठा लावावा आणि कागद काचेला चिकटू देऊ नये.

आपण बाप्पाचे विसर्जन करतो ते पुढच्या वर्षी तो पुन्हा येणार म्हणून. ही चित्रे मात्र एकदा गेली की परत येणार नाहीत. ज्या माणसाने कर्ज सोसून देव आपल्या घरी आणला, त्याची एवढी आठवण आपण ठेवायला हवी.

गणपती बाप्पा मोरया!