वाटाण्याचा कोंब आणि काडेपेटी

परवा हॉस्टेलवर आम्ही सहा जण एका लॅपटॉपभोवती बसून पिक्सारचा २००९ सालचा 'अप' पाहत होतो. फुगे विकणारा कार्ल, त्याची एली आणि धबधबा पाहायला जाण्यासाठी बरणीत साठवलेली नाणी... पहिल्या दहा मिनिटांतच मेकॅनिकलच्या एका दणकट गड्याने डोळ्यात कचरा गेल्याचं जाहीर केलं! मला मात्र फाळके पती-पत्नी आठवले.

दादासाहेब फाळके म्हणजे 'राजा हरिश्चंद्र', तेही जी.के.च्या पेपरपुरतं, एवढंच आपल्याला ठाऊक. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्म, मग जे.जे., बडोद्याचं कलाभवन, फोटोग्राफी, छपाई. चाळिशीत धंद्यात भागीदारांशी बिनसलं. ख्रिस्तावरचा मूकपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण पडद्यावर आणायचं वेड लागलं. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडन गाठलं, तंत्र शिकले.

पण भांडवल कोण देणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभर थांबून थांबून फ्रेम घेतल्या. पडद्यावर कोंब भराभर वाढून वेल झाला! (आमच्या वरवंडला उसाचा डोळा फुटेपर्यंत आम्हाला दम निघत नाही.) ते पाहून कर्ज मिळालं, सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले. फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं आणि अख्ख्या युनिटचा स्वयंपाक, हे सगळं त्याच बघायच्या. ३ मे १९१३ ला 'हरिश्चंद्र' लागला.

माझा जीव मात्र १९१५ च्या 'आगकाड्यांची मौज'वर. काडी किंचित सरकवायची, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा सरकवायची. तेव्हाच्या वेगाने एका सेकंदाला सोळाएक फ्रेम! इथे ड्रॉइंगची एक शीट परत काढायची म्हटली तरी आपल्याला ताप येतो. काडीला ना डोळे ना तोंड, पण ती हलली की आपण तिची बाजू घेतो. पिक्सारचा १९८६ चा उड्या मारणारा टेबललॅम्प त्याच जातीचा.

पुढे बोलपट आले, फाळके मागे पडले. १९३७ चा 'गंगावतरण' शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला गेले.

हे सगळं त्या मेकॅनिकलवाल्याला सांगितलं, तर पठ्ठ्याने मेसमधून काडेपेटीच पळवून आणली. मोबाईल पुस्तकांच्या थप्पीवर टेकवला. रात्री दोनपर्यंत चार सेकंद झाले.