आईपाशी शिकलेली पंडिता

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे असे मंडळाच्या भगिनींनी मला सुचविले, तेव्हा मी पंडिता रमाबाईंचे नाव घेतले. शारदा सदन आणि केडगावचे मुक्ति मिशन यांमुळे त्यांचे नाव पुष्कळजणींनी ऐकलेले आहे. मला मात्र त्यांच्या आयुष्यातला त्याच्याही आधीचा भाग फार मोलाचा वाटतो. एवढ्या विद्वान बाई लहानपणी कोणत्याच शाळेत गेल्या नव्हत्या. त्या शिकल्या ते आपल्या आईपाशी.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या रानात झाला. हे ठिकाण आपल्या आंबोलीसारखेच सह्याद्रीच्या माथ्यावर, पण बरेच दक्षिणेला, आज कर्नाटकात आहे. आपल्याकडे जशी हिरण्यकेशी उगम पावते, तशा तेथे तुंगा आणि भद्रा उगम पावतात. या सगळ्यांचे पाणी शेवटी कृष्णेलाच मिळते. तेव्हा त्या आपल्याच डोंगराच्या लेक होत, असे मी मानते.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. तरुणपणी ते पुण्यास शिकावयास गेले होते. त्यांचे गुरू रामचंद्रशास्त्री साठे हे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असत. स्त्री संस्कृत शिकू शकते हे शास्त्रीबुवांनी तेथे पाहिले आणि आपल्याही पत्नीस शिकवावे असे त्यांच्या मनाने घेतले. पहिल्या पत्नीस शिकविण्याचा त्यांनी प्रयत्न केला, पण घरच्या वडीलधाऱ्यांनी तो चालू दिला नाही. ती पत्नी वारल्यावर गोदावरीकाठी एका यात्रेकरू ब्राह्मणाने आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना दिली. शास्त्रीबुवा तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते. हीच रमाबाईंची आई लक्ष्मीबाई.

या लहानग्या पत्नीस त्यांनी शिकवावयास घेतले, तेव्हा मोठा गहजब झाला. उडुपीच्या धर्मपीठापुढे त्यांना जाब द्यावा लागला. स्त्रियांनी संस्कृत शिकण्यास शास्त्राची हरकत नाही, हे त्यांनी ग्रंथांचे आधार काढून दाखविले. पुढे गावातला त्रास नको म्हणून ते पत्नीसह गंगामूळच्या रानात राहावयास गेले. पहिल्या रात्री तेथे आसरा नव्हता. दरीपलीकडे वाघ ओरडत होता. ती पोर पासोडीत स्वतःला गुंडाळून भीतीने थरथरत पडून होती आणि शास्त्रीबुवा उजाडेपर्यंत जागत बसले होते. आपल्या गावातल्या जुन्या बायकांना अशा रात्रींची भीती वेगळी सांगावयास नको.

मग तेथे घर उभे राहिले, शेत झाले, गाईगुरे आली. शास्त्रीबुवांपाशी शिकण्यासाठी विद्यार्थी येऊन राहू लागले. त्या सर्वांचा स्वयंपाक, गुरेढोरे, आल्यागेल्याचे आतिथ्य आणि स्वतःची मुले, हे सारे लक्ष्मीबाईंच्या अंगावर होते. तेवढे सांभाळून त्या शिकत राहिल्या आणि स्वतः विदुषी झाल्या. मला याचे फार नवल वाटते. चूल कोणाला चुकली नाही, पण चुलीशी बसून शिकता येते हे या बाईने दाखविले.

पुढे दानधर्मात व आतिथ्यात पैसा संपला, कर्ज झाले आणि घर सोडावे लागले. रमा तेव्हा सहा महिन्यांची होती. तिला वेताच्या मोठ्या पेटाऱ्यात घालून डोंगरावरून खाली उतरविले. तेव्हापासून पुराण सांगत या क्षेत्राहून त्या क्षेत्राला पायी जाणे हाच त्या कुटुंबाचा संसार झाला.

रमा आठ वर्षांची झाली, तेव्हा शास्त्रीबुवा फार वृद्ध झाले होते. म्हणून तिला शिकविण्याचे काम आईने हाती घेतले आणि मुलगी पंधरा वर्षांची होईपर्यंत चालविले. दिवसा कामांतून उसंत कोठली? म्हणून लक्ष्मीबाई उजाडण्यापूर्वी उठत. पेंगुळलेल्या लेकीला उचलून मांडीवर घेत, लाडाच्या शब्दांनी जागी करीत आणि पाखरांची किलबिल चालू असताना धडा म्हणून घेत. पुस्तक म्हणजे आईचे मुख. आई म्हणे, मागून मुलगी म्हणे. अशा रीतीने व्याकरण झाले, कोश झाला आणि भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले. धाक दाखवून एवढे पाठ होत नाही. ती पहाटेची वेळ आईलाही गोड वाटत असली पाहिजे आणि लेकीलाही.

पाठांतरापेक्षाही मोठी गोष्ट आईने केली. दुसऱ्या कोणाची फारशी मदत न घेता आपले आपण पुढे शिकता यावे, असे वळण तिने मुलीच्या बुद्धीला लावले. रमाबाईंनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. थोरल्या मुलीचे लग्न लहानपणी करून दिल्याचा परिणाम वाईट झाला होता, म्हणून रमेच्या लग्नाची आईबापांनी घाई केली नाही. त्यामुळेच ही पंधरा वर्षांपर्यंतची विद्या तिच्या वाट्याला आली.

मग दुष्काळ आला. मद्रास इलाख्यात हिंडत असताना या कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. झाडपाला खाऊन दिवस काढावे लागले. १८७४ साली वडील गेले आणि थोड्याच महिन्यांत आईही गेली. आईची तिरडी उचलावयास माणसे मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण आले, एक खांदा भाऊ श्रीनिवासाने दिला आणि चौथी रमा. ती ठेंगणी असल्यामुळे खांदा पुरेना, म्हणून आपल्या वाट्याचा भार तिने डोक्यावर घेतला. स्मशान तीन मैलांवर होते. हे वाचताना माझ्याने पुढे वाचवेना. जिने पहाटे मांडीवर घेऊन शिकविले, तिला लेकीने अशी पोचविली. पुढे थोरली बहीणही गेली.

घर, पैसा, आईबाप, काहीच उरले नाही. आईने दिलेली विद्या तेवढी उरली. ती घेऊन भाऊबहीण शेकडो कोस चालत १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी तिची परीक्षा घेतली आणि या वीस वर्षांच्या मुलीस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

पुढचे चरित्र थोडक्यात सांगते. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला, मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ साली पती पटकीने गेले. त्या पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. आपल्यासारखी मंडळे त्याच वाटेने पुढे आली. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून पुढे मोठा वाद झाला आणि १८९३ साली अनेकांनी शारदा सदनातून आपल्या मुली काढून घेतल्या. त्या वादात मी शिरत नाही. १८८९ साली मुंबईत सुरू झालेल्या या शारदा सदनात विधवा मुलींना शिकण्यास जागा मिळाली, हे मात्र कोणी नाकारणार नाही. महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई तेथेच शिकल्या. १८९६च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून अनाथ मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगावास त्यांना आसरा दिला. तेथे शिक्षणाबरोबर विणकाम, शेती, छपाई अशी कामेही शिकवीत. स्वतः दुष्काळात होरपळलेल्या बाईला भुकेल्या पोरींची ओळख वेगळी पटवावी लागली नाही. मनोरमाही शिकून आईच्या कामात आली. ती १९२१ साली वारली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला.

अमेरिकेत असताना १८८७ साली त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते त्यांनी अर्पण केले आपल्या आईला. जगभर मान मिळविल्यावरही पहिली गुरू कोण, हे त्या विसरल्या नाहीत.

भगिनींनो, आज आपल्या मुलींना शाळेचे दार मोकळे आहे आणि त्यांनी शाळेत गेलेच पाहिजे. घरी शिकलेल्या रमाबाईंनीच इतर मुलींसाठी शाळा काढली, हे ध्यानात ठेवावे. पण मुले शाळेत घातली म्हणजे आपले काम संपले, असे समजू नये. मी सातवी शिकले, मला काय शिकविता येणार, असे आपल्यातल्या पुष्कळजणी म्हणतात. मी स्वतः सातवीच शिकले आहे. मिरग लागला की येथे दिवसचे दिवस दार उघडता येत नाही. तेव्हा चुलीपाशी बसून मुलांकडून पाढे म्हणून घ्यावे, त्यांनी धडा वाचावा व आपण भाकरी थापता थापता ऐकावा, पुरुमेंताच्या डब्यांवरची नावे धाकट्याकडून लिहून घ्यावी. एखादा शब्द आपल्याला अडला तर मुलाने तो आपल्याला सांगावा. आपण शिकविले यापेक्षा त्याने आपल्याला शिकविले याचा आनंद त्याला अधिक होतो, आणि आपल्यालाही. यास पैसा पडत नाही, वेगळा वेळही लागत नाही.

लक्ष्मीबाईंपाशी घर नव्हते आणि उद्याच्या अन्नाची शाश्वती नव्हती. पहाटेचा एक प्रहर त्यांनी लेकीला दिला, आणि तो दुष्काळालाही नेता आला नाही. आपल्या मंडळातील प्रत्येक घरी असा थोडा वेळ मुलांच्या वाट्याला येवो, हीच या वर्धापनदिनी माझी प्रार्थना.