मेजावरचे अरण्य : चित्रकार थॉमस गेन्सबरो

इंग्लंडमधील सफोक परगण्यातील सडबरी गावी १७२७ साली एका कापड-व्यवसायी कुटुंबात थॉमस गेन्सबरोचा जन्म झाला. भावंडांत तो सर्वांत धाकटा. वडिलांचा धंदा बसला होता. तरीही मुलाचा ओढा ओळखून त्यांनी त्यास तेराव्या वर्षी चित्रकला शिकण्यासाठी लंडनला धाडले.

त्याचे मन रमे ते रानावनांत. परंतु निसर्गचित्रे विकत घेणारे थोडे, आणि स्वतःची छबी काढवून घेणारे धनिक पुष्कळ. पत्नी व दोन कन्या यांचा संसार चालवावयाचा, म्हणून इप्सविच, १७५९ पासून बाथ व १७७४ पासून लंडन येथे तो मुख्यतः व्यक्तिचित्रे काढीत राहिला. राजघराण्यातील मंडळीही त्याच्यापुढे बसली. १७६८ साली स्थापन झालेल्या रॉयल अकॅडमीचा तो संस्थापक-सदस्य होता. कीर्ती आली, पैसा आला; रान मात्र दुरावले.

तेव्हा त्याने रानच घरात आणले! मेजावर तो लहानसा देखावा मांडी. कोळशाचे खडे व बुचाचे तुकडे म्हणजे कडेकपारी, वाळू म्हणजे भूमी, शेवाळ म्हणजे झुडपे, ब्रॉकोलीचे तुरे म्हणजे दूरचे अरण्य आणि आरशाचा तुकडा म्हणजे तळे. ही मांडणी न्याहाळीत तो निसर्गचित्र रेखाटी. खडूच्या रेघा पुसू नयेत म्हणून कागद साय काढलेल्या दुधात बुडवी. पुढे काचेवर देखावे रंगवून, मागे मेणबत्त्या लावून ते पाहण्याची एक पेटीही त्याने केली. ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जतन केलेली आहे.

२ ऑगस्ट १७८८ रोजी तो निवर्तला. त्याच वर्षी त्याचा प्रतिस्पर्धी सर जोशुआ रेनॉल्ड्झ याने अकॅडमीतील व्याख्यानात या मांडणीचा उल्लेख करून, अशा युक्तीचे मोल ती वापरणाऱ्याच्या प्रतिभेवर ठरते, असा अभिप्राय दिला. आम्हांसही तो यथार्थ वाटतो. गेन्सबरोची कित्येक निसर्गचित्रे मृत्यूसमयी घरातच न विकता पडून होती. आज तशी चित्रे लंडनच्या नॅशनल गॅलरीचे भूषण आहेत.

दिवाळीत आपल्या अंगणातही दगडमातीचा किल्ला उभा राहतो, त्यावर आळीव उगवते, आरशाचे तळे होते. ज्ञातिबांधवांस आमची विनंती इतकीच, की सण सरल्यावरही एखादे मूल त्या खेळातच रमलेले दिसले, तर त्यास पसाऱ्याबद्दल रागावू नये. सडबरीच्या त्या पित्याने अडचणीच्या दिवसांत जे ओळखले, ते आपणही ओळखावे.