रक्तदाबावरील उपचाराला मुंबईतून दिशा देणारे डॉ. रुस्तम जाल वकील

पालघर जिल्ह्यातील धाकटी डहाणूसारख्या मच्छीमार गावापासून मुंबईपर्यंत उच्च रक्तदाबाची गोळी आज सर्वपरिचित झाली आहे. पाऊणशे वर्षांपूर्वी परिस्थिती वेगळी होती. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे 1945 मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने निधन झाले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांपाशीही रक्तदाब आटोक्यात आणणारे खात्रीचे औषध नव्हते. ही कोंडी फोडण्यात मुंबईच्या एका हृदयरोगतज्ज्ञाचा मोठा वाटा होता. त्यांचे नाव डॉ. रुस्तम जाल वकील.

मुंबईतील पारशी कुटुंबात 1911 मध्ये त्यांचा जन्म झाला. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले आणि परळच्या केईएम रुग्णालयात रुजू झाले. त्या काळी उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला विश्रांती, मिठावर नियंत्रण आणि गुंगीचे औषध यापलीकडे फारसे काही देता येत नसे. आजार बळावला की हृदय थके, मेंदूत रक्तस्राव होई किंवा मूत्रपिंडे निकामी होत. काही रुग्णांवर मज्जातंतू कापण्याची अवघड शस्त्रक्रियाही केली जाई.

डॉ. वकील यांचे लक्ष सर्पगंधा या वनस्पतीकडे गेले. तिच्या मुळीचा वापर भारतीय वैद्यकात पूर्वापार होत होता. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्येच तिचा रक्तदाबावरील परिणाम नोंदवला होता. मात्र परदेशात त्याची फारशी दखल घेतली गेली नव्हती. परंपरेचा दाखला पुरेसा नाही, रुग्णाच्या दंडाला पट्टा बांधून घेतलेले आकडेच निर्णायक ठरतील, हे डॉ. वकील यांनी ओळखले. त्यांनी 50 रुग्णांना या मुळीच्या गोळ्या देऊन रक्तदाबातील फरक काटेकोरपणे नोंदवला. बहुसंख्य रुग्णांचा रक्तदाब उतरला. हे निष्कर्ष 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले.

या निबंधाने चित्र पालटले. बोस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी या औषधाचे प्रयोग अमेरिकेत सुरू केले. स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी 1952 मध्ये मुळीतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. डॉ. वकील यांना 1957 मध्ये अमेरिकेचा प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला, तर 1958 मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषणने गौरविले. डॉ. अस्पी गोलवाला यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेले रोगनिदानाचे पुस्तक वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी अभ्यासले. 1974 मध्ये त्यांचे निधन झाले.

सर्पगंधेला मर्यादाही होत्या. नाक चोंदणे, सुस्ती आणि मोठ्या मात्रेत औदासीन्य असे दुष्परिणाम दिसू लागले. मागणी वाढल्याने जंगलातील ही वनस्पतीही दुर्मिळ झाली. पुढे अधिक सुसह्य औषधे आली. जर्मनीच्या फ्रायबुर्ग येथील अल्ब्रेख्ट फ्लेकेनस्टाइन यांनी 1960 च्या दशकात कॅल्शियमचा मार्ग अडवणाऱ्या औषधांचे कार्य उलगडले. रोहिणीच्या भिंतीतील स्नायूपेशींत कॅल्शियम शिरले की त्या आकुंचन पावतात. हा प्रवेश रोखला की रोहिणी सैल होते आणि रक्तदाब उतरतो. आजची अम्लोडिपिनची गोळी हेच काम करते.

परंतु रक्तदाब उतरला म्हणजे मूत्रपिंड वाचलेच, असे समीकरण मांडता येत नाही. मूत्रपिंडातील प्रत्येक सूक्ष्म गाळणीला रक्त आत आणणारी आणि बाहेर नेणारी अशा दोन वाहिन्या असतात. अम्लोडिपिन मुख्यतः आत आणणारी वाहिनी रुंदावते. त्यामुळे गाळणीवरचा दाब पुरेसा कमी होत नाही आणि लघवीतून प्रथिने जाणे थांबेलच असे नाही. रक्तदाबामुळे मूत्रपिंडविकार जडलेल्या अमेरिकेतील कृष्णवर्णीय रुग्णांच्या पाहणीचे निष्कर्ष 2001 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या लघवीतून प्रथिने जात होती, त्यांच्यात अम्लोडिपिनपेक्षा रामिप्रिलने मूत्रपिंडांचे अधिक रक्षण केल्याचे त्यात आढळले. म्हणूनच अशा रुग्णांना डॉक्टर सामान्यतः रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनच्या गटातील औषध आधी देतात आणि गरजेनुसार अम्लोडिपिनची जोड देतात. अम्लोडिपिनने काहींच्या पायांना सूज येते. ती बहुधा वाहिन्या रुंदावल्यामुळे असते, मूत्रपिंड बिघडल्याची खूण नसते. तरीही ती डॉक्टरांना दाखवावी, गोळी परस्पर बंद करू नये.

डॉ. वकील यांनी वापरलेले औषध आज मागे पडले आहे, त्यांची पद्धत मात्र कालबाह्य झालेली नाही. औषध जुने असो वा नवे, रुग्णाचा नियमित मोजलेला रक्तदाब आणि रक्त-लघवीची तपासणी हाच त्याच्या उपयुक्ततेचा खरा निकष होय. परळच्या रुग्णालयात 50 रुग्णांच्या नोंदींतून त्यांनी हेच सिद्ध केले होते.