कोटीतला एक किरण

चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या आयुष्यातला थोडा काळ आमच्या विदर्भाच्या वाट्याला आला, याचे मला नाचणगावात बसूनही अप्रूप वाटते. 1888 साली तिरुचिरापल्लीला जन्मलेले रामन 1907 मध्ये सरकारी अर्थखात्यात शिरले आणि कलकत्ता, रंगून करीत 1910 मध्ये नागपूरला हिशेब खात्यात आले. मी उभी हयात बँकेत खतावण्या तपासण्यात घालवली. त्यामुळे शास्त्रज्ञ रामन यांच्याआधी मला हिशेबनीस रामनच जवळचे वाटतात.

कलकत्त्यात त्यांचा दिवस कचेरीचा असे. सकाळ-संध्याकाळ मात्र महेंद्रलाल सरकारांच्या विज्ञानसंस्थेची. 1917 मध्ये त्यांनी पेन्शनीची नोकरी सोडून निम्म्याच्या आसपास पगारावर प्राध्यापकी पत्करली. संसारी माणसाने असे करण्यातली जोखीम पगारदारालाच कळेल.

1923 मध्ये त्यांचे शिष्य रामनाथन यांना शुद्ध द्रवातून विखुरणाऱ्या प्रकाशात निराळ्या रंगाची अंधुक छटा दिसली. द्रवात मळ असेल, असे वाटले. द्रव पुनःपुन्हा शुद्ध केला, छटा जाईना. तेरजेत चार आण्यांचा फरक उरला की कोणी तो किरकोळीत टाकून घरी जातो. कोणी दिवा लावून पुन्हा बसतो. रामन दुसऱ्या जातीचे.

त्यांनी आणि के. एस. कृष्णन यांनी दुर्बिणीच्या भिंगाने सूर्यप्रकाश एकवटला. एका काचेतून फक्त निळा-जांभळा प्रकाश द्रवात सोडला आणि नेमका तोच अडवणारी दुसरी काच डोळ्यांपुढे धरली. तरीही जे दिसले, ते द्रवातच जन्मलेले होते. शिवाय तो प्रकाश ध्रुवित निघाला, म्हणजे साधी प्रतिदीप्ती नव्हे. 28 फेब्रुवारी 1928 रोजी वर्णपटदर्शकात तो मूळ रंगापासून वेगळा दिसला. कोटी किरणकणांत जेमतेम एखाद्याचा रंग बदलतो. त्या फरकात रेणूच्या कंपनाची नोंद असते.

त्याच महिन्यात मॉस्कोत लँड्सबर्ग आणि मँडेलस्टाम यांनाही स्फटिकांत हेच सापडले. 1930 चे नोबेल मात्र एकट्या रामन यांना मिळाले. कृष्णन यांचे नाव त्या मानपत्रावर नाही, ही रुखरुख माझ्या मनातून जात नाही.

रामन 1970 मध्ये बंगळूरला वारले. 2008 मध्ये अमेरिकेत बोल्डर येथे निरपेक्ष शून्याहून अंशाच्या दशलक्षांशापेक्षाही कमी वर असलेले पोटॅशियम-रुबिडियमचे रेणू सर्वांत खालच्या ऊर्जापातळीवर उतरवले गेले, ते दोन लेसरांच्या रामन-रीतीनेच. तिथे रेणू अगदी थोडे, म्हणून त्यांची खूण क्षीण. कोलाहलातून ती वेगळी काढायची तर यंत्रे बदलली, तरी नियम जुनाच: उरलेला फरक आधी तपासायचा, मगच पान उलटायचे.